आर्काइव्हमधले जुने प्रवासफोटो: कसे शोधायचे आणि कसे वाचायचे

जुन्या प्रवासांचे फोटो, डायऱ्या, बोटीची तिकिटं, पासपोर्ट असं बरंच काही सार्वजनिक अभिलेखागारांत, म्हणजे आर्काइव्हमध्ये, जपून ठेवलेलं असतं. ते बघायला प्राध्यापक किंवा संशोधक असावं लागत नाही. तरीही पहिल्यांदा जाणारा माणूस बहुधा हात हलवत परत येतो. वेबसाइटवर ठिकाणाचं नाव टाकायचं, 'नोंद आढळली नाही' हे वाचायचं आणि नाद सोडायचा. साहित्य तिथे असतंच, पण ते कोणत्या रीतीनं लावलेलं आहे हे आपल्याला ठाऊक नसतं. म्हणून सुरुवात त्या रीतीपासून करू.

1. फोटो शोधू नका, संग्रह शोधा

ग्रंथालयात पुस्तकं विषयवार लावतात. अभिलेखागारात कागद ज्याच्याकडून आले त्याच्या नावाखाली राहतात, आणि शक्य असेल तर त्यानं ठेवले होते त्याच क्रमानं. ज्याचे कागद त्याच्या नावाखाली ही पद्धत 1841 मध्ये फ्रान्समध्ये एका सरकारी परिपत्रकानं घालून दिली आणि पुढे ती जगभर रुळली. कारण साधं आहे. सुटा फोटो म्हणजे नुसतं चित्र. तोच फोटो ज्या पाकिटात, ज्या पत्रासोबत, ज्या अल्बमच्या पानावर होता तिथे राहिला तर तो पुरावा ठरतो.

आपल्यासाठी याचा अर्थ असा की एखाद्या रेल्वे इंजिनिअरनं सुट्टीत काढलेले व्हेनिसचे फोटो 'व्हेनिस' या नावाखाली सापडणार नाहीत. ते त्या इंजिनिअरच्या कागदपत्रांत, पुलांच्या नकाशांखाली, 'खासगी, किरकोळ' अशा फाइलमध्ये असतील. म्हणून शोधण्याआधी वहीत एक प्रश्न लिहा: त्या काळी तिथे कोण गेलं असेल, आणि त्यांचे कागद कुणी सांभाळले असतील? सर्वेक्षण खातं, मिशनरी संस्था, बोट कंपनी, लष्करी पलटण, वनस्पतींचे नमुने गोळा करणारा शास्त्रज्ञ, पैसेवाला हौशी प्रवासी. या प्रत्येकाचं दप्तर वेगळ्या जागी गेलेलं असतं. मिशनरी संस्थांकडे तर नवख्या माणसाचं लक्षच जात नाही. स्वित्झर्लंडच्या बाझेल मिशनच्या आर्काइव्हमध्ये भारत, आफ्रिका आणि चीनमधले जुने फोटो मोठ्या संख्येनं आहेत आणि ते घरबसल्या बघता येतात.

कधी एकाच माणसाच्या ध्यासातून अख्खा संग्रह उभा राहतो. अल्बेर कान हा फ्रेंच बँकर. त्यानं 1909 ते 1931 या काळात जगभर छायाचित्रकार पाठवले आणि सुमारे 72,000 रंगीत काचा (म्हणजे काचेवर टिपलेले फोटो) जमवल्या. 1929 च्या मंदीनंतर त्याचं दिवाळं निघालं आणि काम थांबलं, पण संग्रह टिकला. असा संग्रह हाती लागला की एकेका फोटोमागे धावायची गरज उरत नाही.

अभिलेखागाराची उतरंड चार पायऱ्यांची धरून चाला: संग्रह, त्यात मालिका, मालिकेत फाइल आणि फाइलमध्ये वस्तू. ऑनलाइन सूची बहुतेक ठिकाणी फाइलपाशीच थांबते. 'छायाचित्रे, 1 पेटी' या तीन शब्दांमागे काय आहे हे पेटी उघडेपर्यंत कळत नाही. म्हणून शोधचौकटीत काही मिळालं नाही तर संग्रहसूची मागा. तिथे त्या संग्रहाची पूर्ण यादी असते, शिवाय तो कुणाकडून आला याची हकीकत असते. ही यादी कधी पीडीएफमध्ये असते, कधी टंकलिखित जाडजूड वहीत. वही असेल तर ती तिथे जाऊनच बघावी लागते.

2. शोधताना जुनी नावं वापरा

सूची ज्यानं केली त्यानं फोटोखालची ओळ जशीच्या तशी उतरवलेली असते. त्यामुळे 'वेरूळ' टाकून काही मिळणार नाही, 'एलोरा' टाकून थोडं मिळेल आणि जुनी विचित्र स्पेलिंग टाकली तर बाकीचं निघेल. पुण्याचं पूना, बीजिंगचं पेकिंग, इस्तंबूलचं कॉन्स्टँटिनोपल, ऑस्लोचं क्रिस्तियानिया, श्रीलंकेचं सिलोन. एका ठिकाणासाठी किमान पाच-सहा रूपांची यादी करा. त्या काळचे नकाशे आणि प्रवासमार्गदर्शिका चाळल्या की ही रूपं आपोआप जमतात.

नावाइतकाच महत्त्वाचा आहे जुना शब्दप्रयोग. जुन्या सूच्यांमध्ये माणसांसाठी आज आपल्याला खटकतील असे शब्द आहेत. 'नेटिव्ह' हा त्यातला सौम्य म्हणायचा. काही संस्थांनी ते बदललेत, बऱ्याच ठिकाणी ते तसेच आहेत. शोधायचं असेल तर ते टाकावेच लागतात. लेख लिहिताना मात्र ते आपल्या तोंडी घेऊ नका.

मग छायाचित्रकाराचं नाव, स्टुडिओचं नाव, बोटीचं नाव, हॉटेलचं नाव अशा वाटांनीही शोधा. मला सगळ्यांत फळली ती बोटीची वाट. कारण बोटीचं नाव पत्रावर, डायरीत, सामानाच्या लेबलावर आणि प्रवासी यादीत अशा चार जागी असतं. ठिकाणाचं नाव कुणी लिहिलेलं असतं, कुणी नसतं.

3. जाण्याआधी

आधी ईमेल करा. दोन परिच्छेद पुरतात: काय शोधताय, कोणता काळ, सूचीतले कोणते क्रमांक बघितलेत. 'तुमच्याकडे जुने फोटो आहेत का' असं विचारलं तर उत्तर 'आहेत' एवढंच येतं. क्रमांक दिले की पलीकडचा माणूस कामाला लागतो, आणि बऱ्याचदा सूचीत नसलेली शेजारची पेटीही सुचवतो.

ईमेलमध्ये हे तीन प्रश्न विचाराच. मूळ वस्तू बघायला मिळते की फक्त स्कॅन? मागणी किती आधी द्यावी लागते? स्वतःच्या मोबाइलनं फोटो काढू देतात का? पहिला प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा. जुन्या नायट्रेट फिल्मच्या निगेटिव्ह पटकन पेट घेतात, म्हणून त्या थंड कोठारात वेगळ्या ठेवतात आणि वाचकाच्या हाती सहसा देत नाहीत. थंडीत ठेवलेली कोणतीही फिल्म बाहेर काढली की तिला खोलीच्या तापमानाला यायला वेळ द्यावा लागतो. म्हणजे सकाळी मागून दुपारी मिळेल या भरवशावर जाऊ नका.

सरकारी कागदांना मुदतीचं बंधन असतं. भारतात साधारण 30 वर्षांनी ते खुले होतात, ब्रिटनमध्ये आता ही मुदत 20 वर्षांवर आणली आहे. जुन्या प्रवासाच्या बाबतीत ही अडचण क्वचित येते, पण देणगीदारानं घातलेली अट मात्र येऊ शकते.

सोबत काय न्यायचं:

- फोटो असलेलं ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा, दोन्हींची मूळ प्रत. काही ठिकाणी पासपोर्ट आकाराचे फोटो आणि संस्थेचं किंवा मार्गदर्शकाचं पत्रही लागतं
- सूचीतले क्रमांक कागदावर लिहिलेले (आत नेटवर्क असेलच असं नाही)
- शिसपेन्सिल, दोन असलेल्या बऱ्या. पेन आत नेऊ देत नाहीत
- भिंग
- लॅपटॉप किंवा मोबाइल, चार्जरसह
- स्वेटर. कागदांना मानवणारं तापमान माणसांना मानवतंच असं नाही

बॅग, पाण्याची बाटली, खाणं, छत्री हे सगळं बाहेर लॉकरमध्ये.

4. वाचनकक्षात

नोंदणी, मागणी चिठ्ठी, मग वाट बघणं. चिठ्ठीवर क्रमांक सूचीत जसा आहे तसाच लिहा, मधली तिरकी रेघ आणि टिंबंसुद्धा. एक टिंब चुकलं तर दुसऱ्याच कुणाचं दप्तर टेबलावर येतं.

एका वेळी एकच पेटी, पेटीतली एकच फाइल उघडायची. क्रम हलवायचा नाही. चुकीचा वाटला तरी नाही. वाटलंच तर कर्मचाऱ्याला सांगा. फोटो कडांना धरून उचला, पृष्ठभागाला बोट लावू नका. हातमोज्यांबद्दल लोकांचा फार गोंधळ असतो. नुसत्या कागदासाठी स्वच्छ, कोरडे हात चालतात, उलट जाड सुती मोज्यांत कागद फाटायची भीती जास्त. फोटो आणि निगेटिव्हसाठी मात्र मोजे देतात आणि ते घालायचेच, कारण बोटाचा घामट ठसा इमल्शनवर, म्हणजे चित्र धरणाऱ्या थरावर, कायमचा उमटतो. फ्लॅश बंद.

पेटी उघडताच व्हिनेगरसारखा आंबूस वास आला तर ती अ‍ॅसिटेट फिल्म कुजायला लागल्याची खूण आहे. लगेच सांगा. कर्मचाऱ्यांना अशी माहिती हवीच असते.

5. फोटो वाचणं

इथे घाई करू नका. पेटीभर फोटो भराभर मोबाइलमध्ये टिपून घरी नेण्यापेक्षा थोडेच नीट बघितलेले पुढे जास्त कामाला येतात.

सगळ्यात आधी मागची बाजू. स्टुडिओचा शिक्का, पेन्सिलीतला क्रमांक, कुणाच्या तरी हातची ओळ, डिंकाचा डाग. डाग असेल तर फोटो कधीतरी अल्बममधून उखडलाय, म्हणजे त्याचे शेजारी दुसरीकडे आहेत. वेबवरच्या स्कॅनमध्ये मागची बाजू बहुतेक वेळा नसते आणि कडाही कापलेल्या असतात. मागितली तर मिळते, पण मागावी लागते.

मग वस्तू कोणत्या जातीची आहे ते ओळखा, कारण त्यावरून काळाची एक बाजू पक्की होते. आरशासारखा चकचकीत धातूचा पत्रा असेल तर तो डॅगेरोटाइप. ही पद्धत 1839 मध्ये जाहीर झाली. पातळ कागद, पुठ्ठ्यावर डकवलेला, पिवळट तपकिरी छटा: अल्ब्युमिन प्रिंट. अंड्यातल्या पांढऱ्या बलकाचा थर देऊन केलेला हा कागद 1850 मध्ये आला आणि शतक संपेपर्यंत प्रवासफोटोंवर त्याचंच राज्य होतं. करडा-काळा फोटो, तिरका धरल्यावर गडद भागांत चंदेरी झाक मारणारा, हा जिलेटिन सिल्व्हर, 1880 च्या दशकापासून पुढचा. चौकोनी कागदावर गोल फोटो दिसला तर तो 1888 मध्ये निघालेल्या पहिल्या कोडाकचा किंवा तिच्या लगेचच्या भावंडांचा. सामान्य प्रवासी स्वतः फोटो काढू लागला तो याच कॅमेऱ्यामुळे.

रंग दिसला की सावध व्हा. 1890 च्या दशकात 'फोटोक्रोम' नावाची रंगीत दृश्यं जगभर विकली जात होती. आल्प्स, व्हेनिस, कैरो, सगळं सुंदर रंगात. पण ते रंगीत फोटो नाहीत. काळ्या-पांढऱ्या निगेटिव्हवरून दगडी छपाईनं शाईचे रंग चढवलेले ते छाप आहेत, आणि आकाश किती निळं हे छापखान्यात ठरलेलं आहे. त्यावरून एखाद्या इमारतीचा मूळ रंग ठरवणं म्हणजे वाळूवर घर बांधणं. खरा रंग हवा असेल तर 1907 मध्ये बाजारात आलेली ऑटोक्रोम काच बघा. तीत बटाट्याच्या स्टार्चचे रंगवलेले सूक्ष्म कण असतात, भिंगाखाली ते ठिपक्यांसारखे दिसतात. किंवा प्रोकुदिन-गोर्स्की या रशियन छायाचित्रकाराची रशियाची छायाचित्रं बघा. तो एकच दृश्य तीन रंगगाळण्यांतून तीनदा टिपायचा. या काचा अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसनं 1948 मध्ये विकत घेतल्या आणि आज त्यांच्या मोठ्या फाइल कुणालाही उतरवून घेता येतात. वाहतं पाणी किंवा हललेला माणूस तिथे लाल-हिरव्या-निळ्या कडांनी दिसतो, कारण तीन टिपांमधल्या क्षणांत तो हलला. सराव करायला हा संग्रह उत्तम.

काळा-पांढरा फोटोही रंगाबाबत फसवतो. जुन्या काचांना निळा प्रकाश फार लवकर दिसायचा आणि लाल जवळजवळ दिसायचाच नाही. म्हणून आकाश कोरं पांढरं येतं, लाल पागोटं काळं दिसतं, निळा कपडा फिका पडतो. एखाद्या जुन्या दृश्यात ढग फारच सुरेख असतील तर ते दुसऱ्या निगेटिव्हमधून आणून बसवलेले असू शकतात. हा धंद्यातला सर्रास प्रकार होता.

रिकामे रस्ते पाहून 'तेव्हा किती शांतता होती' असं लिहू नका. प्रकाश घ्यायला वेळ लागायचा, तेवढ्या वेळात चालणारी माणसं काचेवर उमटायचीच नाहीत. डॅगेरोटाइपचा जनक डॅगेर यानं 1838 मध्ये पॅरिसच्या गजबजलेल्या रस्त्याचा फोटो घेतला त्यात ठळक दिसतो तो बुटांना पॉलिश करून घेणारा एक माणूस, कारण तो एका जागी उभा होता.

उलट-सुलट तपासा. डॅगेरोटाइपमध्ये डावं-उजवं बदललेलं असतं. काचेची निगेटिव्ह किंवा मॅजिक लँटर्नची (पडद्यावर चित्र पाडणाऱ्या जुन्या दिव्याची) काच उलट्या बाजूनं स्कॅन झाली तरी तेच होतं, आणि असे स्कॅन वेबवर ढिगानं आहेत. दुकानाची पाटी वाचून बघा, कोटाची बटणं बघा, तलवार कमरेच्या कोणत्या बाजूला आहे ते बघा.

आणि मांडलेला प्रसंग ओळखा. ब्रिटिश छायाचित्रकार रॉजर फेंटननं 1855 मध्ये क्रिमियाच्या युद्धात एकाच दरीचे दोन फोटो घेतले. एकात रस्त्यावर तोफगोळे विखुरलेले आहेत, दुसऱ्यात रस्ता मोकळा आहे. आधी कोणता, म्हणजे गोळे मुद्दाम मांडले की नंतर उचलले, यावर बराच खल झाला. दोनपैकी एकच फोटो आपल्या पेटीत असता तर आपल्याला संशयही आला नसता.

6. तारीख ठरवणं

खालच्या ओळीवर विसंबू नका. ओळ बहुधा नंतर लिहिलेली असते, कधी मुलानं, कधी पुतणीनं, कधी सूचीकारानं. ओळीत 'पेट्रोग्राड' (सेंट पीटर्सबर्गचं एके काळचं नाव) असेल तर ती लिहिणारा 1914 ते 1924 या काळातलं नाव वापरतोय एवढं कळतं. फोटो त्याआधीचाही असू शकतो.

दोन तारखा वेगळ्या ठेवा: निगेटिव्ह कधी घेतली आणि प्रिंट कधी काढला. ब्रिटिश छायाचित्रकार सॅम्युअल बोर्न 1863 मध्ये भारतात आला, हिमालयात काचा आणि रसायनं वाहून नेत फिरला आणि 1870 मध्ये परतला. त्याच्या काचा मात्र बोर्न अँड शेफर्ड या स्टुडिओकडे राहिल्या आणि पुढची कित्येक वर्षं त्यांवरून प्रिंट विकले जात होते. त्यामुळे 1890 मध्ये आलेल्या प्रवाशानं विकत घेतलेल्या प्रिंटमधलं दृश्य पंचवीस वर्षं जुनं असू शकतं. उपाय आहे. अशा स्टुडिओंच्या निगेटिव्हवर क्रमांक लिहिलेला असे आणि तो प्रिंटच्या कोपऱ्यात उमटतो. स्टुडिओच्या छापील किंमतयाद्यांशी तो क्रमांक ताडून बघता येतो.

दृश्यातल्या इमारती सगळ्यांत भरवशाच्या. व्हेनिसचा सान मार्को चौकातला मनोरा 14 जुलै 1902 रोजी कोसळला आणि 1912 मध्ये पुन्हा उभा राहिला. मनोरा नसलेला चौक दिसला की दहा वर्षांची चौकट हातात आली. सुएझ कालव्याच्या तोंडावरच्या पोर्ट सैद बंदरात धक्क्यावर असलेला, कालवा काढणाऱ्या लेसेप्सचा पुतळा 1899 च्या नोव्हेंबरमध्ये उभारला गेला आणि 1956 मध्ये पाडला गेला.

पोस्टकार्ड असेल तर मागे मधोमध रेघ आहे का बघा. आधी मागची पूर्ण बाजू फक्त पत्त्यासाठी होती आणि लोक मजकूर चित्राच्या कडेला कोंबायचे. ब्रिटननं 1902 मध्ये, अमेरिकेनं 1907 मध्ये मागे अर्धी जागा मजकुराला दिली. बाकीचे देश याच सुमारास.

हे सगळं एकत्र कसं चालतं ते एका पानावर बघू. समजा काळ्या जाड कागदाच्या अल्बमचं पान आहे, पांढऱ्या शाईत 'पोर्ट सैद' एवढंच लिहिलेलं. वर दोन मोठे तपकिरी प्रिंट, एकसारखे चोख, कोपऱ्यात क्रमांक आणि 'झांगाकी' अशी सही. झांगाकी बंधूंचा व्यवसाय पोर्ट सैदचाच, तेव्हा हे विकतचे प्रिंट. खाली दोन छोटे करडे फोटो, क्षितिज कललेलं, एकात पुढ्यात बोटीचा कठडा अस्पष्ट आणि मागे लेसेप्सचा पुतळा. हे प्रवाशानं स्वतः काढलेले. पुतळा आहे म्हणजे 1899 च्या अखेरीनंतरचे. वरचे दोन त्याहून बरेच आधीच्या निगेटिव्हवरचे असू शकतात. एकाच पानावर दोन काळ! आता कठड्यावर टांगलेल्या जीवरक्षक चक्राकडे भिंग न्या. बोटीच्या नावातली चार अक्षरं जरी वाचता आली तरी पुढची पायरी मोकळी होते. आणि इथून एक नियम लक्षात ठेवा: 'अमक्याच्या प्रवासाचा अल्बम' म्हणजे त्यातले सगळे फोटो अमक्यानं काढले असं नव्हे. निम्मे तरी बंदरावर विकत घेतलेले निघतात.

7. फोटोच्या शेजारचे कागद

नवख्यांचं दुर्लक्ष होतं ते इथे. फोटोंची पेटी संपली की ते उठतात. त्याच संग्रहातल्या डायऱ्या, पत्रं, बिलं, तिकिटं, पासपोर्ट उघडायचे राहून जातात, आणि फोटोतल्या माणसांची नावं तिथेच असतात.

प्रवासी याद्यांत बोट, तारीख, वय, धंदा मिळतो. नावांची स्पेलिंग मात्र कारकुनाच्या कानावर अवलंबून, तेव्हा इथेही पाच-सहा रूपं शोधा. हॉटेलच्या लेटरहेडवर छापलेलं चित्र असतं, त्यावरून खिडकीतून घेतलेल्या फोटोची जागा ठरते. पासपोर्टचं एक ध्यानात ठेवा: वहीच्या आकाराचा प्रमाणित पासपोर्ट 1920 च्या पॅरिस परिषदेनंतर रुळला. त्याआधीचे बरेचसे एकाच मोठ्या घडीच्या कागदाचे आहेत, आणि पहिल्या महायुद्धापूर्वी अनेक देशांत पासपोर्टशिवायही जाता येत होतं. म्हणून पासपोर्ट सापडला नाही यावरून 'प्रवास झालाच नाही' असं ठरवू नका.

तारखांचं कॅलेंडर तपासा. रशियात 31 जानेवारी 1918 नंतरचा दिवस 14 फेब्रुवारी होता. त्याआधीच्या रशियन पत्रावरची तारीख आणि बोटीच्या वेळापत्रकातली तारीख जुळत नसेल तर दोन्ही बरोबर असू शकतात. शके असेल तर 78 मिळवा, आणि पौषापासून पुढच्या महिन्यांत जानेवारी लागला असेल तर 79. हिजरी वर्ष चांद्र असल्यानं दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी सरकतं. ते तक्त्यातूनच काढा, तोंडी हिशेब करू नका.

हस्ताक्षर लागत नसेल तर आधी महिन्यांची आणि ठिकाणांची नावं शोधा. ती आपल्याला माहीत असतात, त्यांवरून त्या हाताची 'र', 'स', 'त' ही वळणं कळतात, आणि मग बाकीचं उलगडतं.

8. प्रत आणि हक्क

स्वतःच्या अभ्यासासाठी मोबाइलनं टिपलेला फोटो पुरतो. टिपताना प्रत्येक फाइलच्या सुरुवातीला क्रमांकाची चिठ्ठी फ्रेममध्ये घ्या, आणि प्रत्येक वस्तूची पुढची आणि मागची बाजू लागोपाठ टिपा. छापायचं असेल तर संस्थेकडून स्कॅन मागा: न कापलेला, रंगपट्टी आणि मोजपट्टी ठेवलेला, टिफ स्वरूपात. किमान 300 डीपीआय (एका इंचात किती ठिपके) म्हणतात ते छापायच्या आकाराला, मूळ आकाराला नव्हे. छोटी निगेटिव्ह मोठी छापायची तर स्कॅन कितीतरी जास्त घनतेचा लागतो.

हक्कांच्या बाबतीत तीन गोष्टी वेगळ्या आहेत: वस्तूची मालकी, कॉपीराइट आणि संस्थेच्या अटी. अभिलेखागाराकडे वस्तू आहे म्हणून कॉपीराइटही त्यांचाच असं नसतं. भारतात 1957 च्या कायद्यानुसार प्रसिद्ध झालेल्या छायाचित्राचा हक्क प्रसिद्धीनंतर 60 वर्षं टिकायचा, 2012 च्या दुरुस्तीनंतर तो छायाचित्रकाराच्या मृत्यूनंतर 60 वर्षं टिकतो. युरोपात सर्वसाधारणपणे छायाचित्रकाराच्या मृत्यूनंतर 70 वर्षं. अमेरिकेत जुन्या प्रकाशित कामांना 95 वर्षं. 'कोणतेही ज्ञात निर्बंध नाहीत' असा शेरा दिसला तर तो संस्थेचा प्रामाणिक अंदाज समजा. ती हमी नाही.

कायद्यात बसतं ते सगळं छापावंच असंही नाही. प्रवाशांनी वाटेत भेटलेल्या माणसांचे फोटो त्यांना न विचारता काढले, कित्येकदा त्यांना नमुन्यासारखं उभं करून. ऑस्ट्रेलियातल्या संस्था दिवंगत आदिवासी व्यक्तींचे फोटो दाखवण्याआधी सूचना देतात, कारण त्या समाजांत असं चित्र दिसणं क्लेशाचं मानलं जातं. अशी सूचना दिसली तर ती वाचून मगच पुढे जा.

9. नोंद ठेवणं, आणि सापडलेलं परत देणं

प्रत्येक फोटोसमोर लिहा: संस्था, संग्रहाचं नाव, मालिका, फाइल, वस्तू क्रमांक, पाहिल्याची तारीख. वेबलिंक मोडतात, क्रमांक सहसा टिकतो. मोबाइलमधल्या फाइलचं नावही त्याच क्रमांकानं द्या, त्याच दिवशी. आठवड्यानं कोणती पेटी कोणती ते सांगता येत नाही.

आणि तुम्हाला ठिकाण, तारीख किंवा उलटा स्कॅन असं काही लागलं तर संस्थेला कळवा. वस्तूचा क्रमांक, सध्याची नोंद, तुमची दुरुस्ती आणि पुरावा एवढंच लिहा. 'मला वाटतं' या एका वाक्यावर नोंद बदलत नाहीत. 'मनोरा दिसत नाही, म्हणून 1902 ते 1912' यावर बदलतात. लायब्ररी ऑफ काँग्रेसनं 2008 मध्ये फ्लिकर या फोटोंच्या वेबसाइटवर जुने फोटो खुले केले तेव्हापासून वाचकांनी ओळखलेल्या जागा आणि माणसं नोंदींमध्ये जाऊ लागली आहेत. उत्तर यायला वेळ लागतो. महिनाभरात आलं नाही तर त्याच ईमेलवर एकदा आठवण करा.